काळ्या कमानीवरचे चार फराटे

१

गुरुवारी सकाळी साडेआठला, पाऊस मुसळधार कोसळत असताना, पोस्टमन चष्म्याच्या दुकानासमोरच्या वळणावर पडलेला सापडला. सायकल एकीकडे, तिची लाल पेटी दुसरीकडे आणि पत्रं गटाराच्या पाण्यात. डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. धडक देणारी गाडी थांबलीच नव्हती.

दवाखान्यात फोन केला तो चष्मेवाल्याने. रुग्णवाहिका येईपर्यंत पोस्टमनच्या डोक्यावर छत्री धरून तोच बसला. पोलिसांना जबाबही त्यानेच दिला. गाडी निळी होती. नंबर दिसला नाही. पण डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर काळ्या प्लॅस्टिकची जी कमान असते, तिच्यावर चार पांढरे फराटे होते. कुणी चार बोटं ओढावीत तसे.

शुक्रवारी दुपारी अशीच एक निळी गाडी जावांच्या गॅरेजमध्ये शिरली.

जावांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड. थोरली जाऊ गाड्या धुवायची, धाकटी पॉलिश करायची. थोरलीच्या पाइपाला नळ आहे, तोंडाला नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. धाकटी कमी बोलायची, पण तिच्या नजरेतून टाचणीएवढा ओरखडा सुटत नसे.

गाडी होती भूगोलाच्या निवृत्त मास्तरांची. चालवत आली होती त्यांची मुलगी. ती दातांच्या कवळ्या बनवायची. कामावरून तशीच उठून आली असावी, कारण मनगटावर प्लास्टरची पांढरी भुकटी होती.

"हे काळ्या भागावरचे पांढरे डाग तेवढे काढून द्या. आत्ता, लगेच," ती म्हणाली.

धाकटी गाडीभोवती फिरली. दारांखालच्या पट्ट्यांवर, आरशांच्या बुडाशी आणि चाकांवरच्या कमानींवर, जिथे जिथे काळं खरबरीत प्लॅस्टिक होतं तिथे पांढरट थर बसला होता. "मेण आहे," ती म्हणाली. "गाडीला लावायचं पॉलिश. कुणी लावलं?"

"बाबांनी. रविवारी, हौसेने. सगळीकडे फासलं."

"रंगावर लावायचं असतं ते. प्लॅस्टिकच्या बारीक छिद्रांत बसलं की हटत नाही."

थोरलीने सवयीने पाइप उचलला. धाकटीने तिला थांबवलं. "जाऊबाई, पाणी नको. ओलं केलं की कुठे घासायचं तेच कळत नाही." तिने मऊ ब्रश काढला, स्पिरिटमध्ये निम्मं पाणी घातलं आणि पुढच्या दाराखालच्या पट्टीपासून सुरुवात केली. ड्रायरची जराशी ऊब, मग ब्रश, मग फडकं. पट्टी हळूहळू काळीभोर होत गेली. मुलगी मात्र पट्टीकडे बघत नव्हती. तिची नजर रस्त्याकडे होती.

"मागच्या चाकापासून करता येईल का?" तिने विचारलं.

धाकटी मागे गेली आणि वाकली. डाव्या कमानीवर चार फराटे होते, बोटं ओढल्यासारखे. तिने ब्रश टेकवला, इतक्यात शेडच्या दारातून आवाज आला.

"हात काढा गाडीवरून. दोघीही."

२

दारात इन्स्पेक्टर उभा होता. तरुण होता, झोप न झाल्यासारखा दिसत होता, पण बोलणं मोजकं होतं.

"गावात निळ्या गाड्या अकरा," तो म्हणाला. "सकाळपासून दहा पाहिल्या. अकरावी घरी नव्हती. शेजारी म्हणाले, मुलगी घाईघाईने घेऊन गेली. आणि सापडते कुठे, तर खूण पुसणाऱ्या बायकांकडे!"

"अहो साहेब, आम्ही काय चोर आहोत?" थोरली उसळली. "मेणाचे डाग आहेत ते!"

"मेण असो नाहीतर चुना असो, खूण तीच. निळी गाडी, डावी मागची कमान, चार फराटे. साक्षीदाराने सांगितलं तस्संच." त्याने धाकटीकडे पाहिलं. "गाडी इथेच राहील. तुम्ही तिला हात लावायचा नाही. कमान पुसली गेली असती, तर आज तुम्हीही माझ्या यादीत असता."

धाकटीने ब्रश खाली ठेवला. पुराव्यावर ब्रश फिरवला असं एकदा नाव झालं, की शेडला टाळंच. तिने मुलीकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "सकाळी कामावर ऐकलं. चष्मेवाल्यांनी काय पाहिलं ते सगळ्यांच्या तोंडी होतं. आणि काल सकाळी बाबा गाडी घेऊन बाहेर गेले होते. साडेआठच्याच सुमाराला, शेजाऱ्यांनी पाहिलं. कुठे गेले होते ते त्यांना आठवत नाही. वर्षभर असंच चाललंय."

मग ती एकदम ताठ झाली आणि इन्स्पेक्टरला म्हणाली, "पण धडक त्यांनी नाही दिली. गाडी मी चालवत होते. लिहून घ्या."

"तुम्ही काल सकाळी आठपासून कामावर होतात," इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला. "मी विचारून आलोय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं, डोळे मिटले.

"मास्तर स्वतः चौकीत आलेत," तो म्हणाला. "कबुलीजबाब लिहून घेऊन."

३

मास्तरांनी कबुलीजबाबाला समास सोडला होता. अक्षर वळणदार, कुठे खाडाखोड नाही. 'गुरुवारी सकाळी मी गाडी चालवत होतो. मला रस्ता आठवत नाही. गाडीवर खूण आहे. यावरून धडक मीच दिली असावी असा निष्कर्ष निघतो.'

धाकटी मुलीबरोबर चौकीत गेली होती. तिला या मास्तरांनीच भूगोल शिकवला होता, आणि नकाशात नदी डोंगरावर चढवल्याबद्दल बाकावर उभंही केलं होतं.

"सर, हे काय लिहिलंत?" तिने विचारलं.

"जे तर्काला धरून आहे ते." मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "अगं पोरी, मला अजून सगळ्या नद्या उगमापासून मुखापर्यंत सांगता येतात. पण काल सकाळी मी कुठे होतो ते सांगता येत नाही. त्या पोस्टमनने वीस वर्षं माझी पत्रं आणली. त्याला पाडून मी निघून गेलो असेन आणि मला ते माहीतही नसेल..." त्यांनी हात पुढे केले. "सकाळपासून हात बघत बसलो होतो. हे हात तसं करतील का म्हणून."

"बाबा, पुरे," मुलगी रडवेली झाली. "तुम्ही काल दुपारी किती मजेत होतात! ऊन पडलं म्हणून आपण फिरायला निघालो, तुमच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून आणला. धडक दिलेला माणूस असा असतो का?"

"न आठवणारा माणूस असाच असतो," मास्तर म्हणाले.

इन्स्पेक्टरने कागद घडी घालून ठेवला. "पोस्टमन शुद्धीवर आलेला नाही. संध्याकाळी मला वर कळवावं लागेल. तोवर सर इथेच बसतील. चहा मागवतो."

बाहेर आल्यावर धाकटी मुलीला म्हणाली, "तुम्ही सरांजवळ थांबा. मी जरा चष्म्याच्या दुकानात जाऊन येते."

"कशाला?"

"त्या माणसाने पाहिलंय ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय."

४

चष्मेवाला गावाचा लाडका. साठीचा, गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट. पोरांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावताना तो स्वतः ती पाठ म्हणून दाखवायचा. धाकटीने आपला उन्हाचा चष्मा पुढे केला. "दांडी ढिली झालीये."

"या, या." त्याने चष्मा घेतला, स्पिरिटची फवारणी करून काचा पुसल्या, मान डावीकडे वळवून स्क्रू बसवला. "तुमच्या शेडमध्ये आहे म्हणे ती गाडी. वाईट झालं. मास्तर देवमाणूस. पण पाहिलं ते सांगावंच लागतं."

"तुम्ही कुठे उभे होतात?"

"दुकानाच्या पायरीवर. शटर उघडत होतो. धाड आवाज झाला, वळून बघतो तो निळी गाडी सुसाट पुढे."

"पाऊस होता ना हो?"

"पाऊस? आभाळ फाटलं होतं! गाडीवरून नुसतं पाणी निथळत होतं."

"आणि तेवढ्यात फराटे दिसले?"

"स्पष्ट. चार. तिसरा जरा आखूड." त्याने चष्मा तिच्यापुढे ठेवला, पण तो काउंटरच्या डाव्या कडेबाहेर ठेवला गेला आणि खाली पडला. "अरेरे! माफ करा. हात घसरला."

"असू दे," म्हणत तिने तो उचलला. तिसरा जरा आखूड. तिने स्वतः हातभर अंतरावरून कमान पाहिली होती, आणि तिसरा फराटा खरंच आखूड होता. माणसाने पाहिलंय ते बरोबर पाहिलंय. म्हणजे सरांची सुटका नाही.

जड पावलांनी ती शेडकडे परतली.

५

शेडमध्ये थोरली चिखलाने माखलेला टेम्पो धूत होती. राग आला की ती पाइप जोरात धरायची, आणि आज तिला खूप राग आला होता. पाण्याचा फवारा टेम्पोवरून उसळून शेजारच्या निळ्या गाडीवर पडत होता.

"जाऊबाई! त्या गाडीला पाणी लागतंय! हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय ना?"

"हात कुठे लावलाय? पाणी लागलं!" थोरलीने पाइप खाली टाकला आणि गाडीकडे पाहून एकदम तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. पुसले की गं!"

डावी मागची कमान काळीकुळकुळीत होती. एकही फराटा नव्हता.

"आता गं?" थोरलीने नळ बंद केला. "आपल्याला आत टाकतील. तुझ्या दिरांना मी काय सांगू?"

धाकटी कमानीपुढे उकिडवी बसली होती. तिने हे हजारदा पाहिलं होतं. मेणाचा डाग ओला झाला की दिसेनासा होतो. नवशिके खूश होतात, गाडी वाळली की डोक्याला हात लावतात. दुपारीच तर तिने थोरलीला त्यासाठीच थांबवलं होतं. कमानीवरचं पाणी हळूहळू सुकत गेलं, आणि एकेक करून चारही फराटे परत उगवले. तिसरा जरा आखूड.

ती हसायलाच लागली. इतकी, की थोरली घाबरली.

"काय झालं तुला?"

"जाऊबाई, तुमच्या रागाला माझा नमस्कार," ती म्हणाली आणि तिने चौकीत फोन लावला. "साहेब, सरांना घेऊन शेडमध्ये या. आणि येताना चष्मेवाल्यांनाही आणा. त्यांच्याशिवाय होणार नाही."

६

अर्ध्या तासाने सगळे शेडमध्ये उभे होते. मास्तर स्टुलावर, मुलगी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, इन्स्पेक्टर दाराशी. चष्मेवाला रुमालाने मान पुसत होता.

"फराटे आहेत का, साहेब?" धाकटीने विचारलं.

"आहेत."

"चष्मेवाले काका, तुम्ही पाहिलेत ते हेच?"

"हेच. शपथेवर सांगतो."

"आणि तेव्हा गाडीवरून पाणी निथळत होतं."

"हो. आधीच सांगितलंय."

"जाऊबाई, पाऊस पाडा."

थोरलीने पाइप उचलला आणि मनापासून पाऊस पाडला. गाडीवरून पाणी निथळू लागलं. इन्स्पेक्टर दोन पावलं पुढे आला, वाकला, मग पूर्ण खाली बसला. कमान कोऱ्या पाटीसारखी काळी होती.

"पुसलं गेलं?"

"नाही साहेब. थांबा जरा." धाकटीने पंखा तिकडे वळवला. पाणी सुकलं आणि फराटे परत आले. मास्तर स्टुलावरून अर्धवट उठले होते.

"मेणाचा डाग ओला असताना दिसत नाही," धाकटी म्हणाली. "काल पहाटेपासून अकरापर्यंत पाऊस होता. साडेआठला ही गाडी त्या वळणावरून गेली असती, तरी फराटे कुणालाच दिसले नसते. पायरीवरून नाही, अगदी हातभर अंतरावरूनही नाही."

इन्स्पेक्टर हळूहळू चष्मेवाल्याकडे वळला. "मग तुम्ही पाहिले कधी?"

"मी... साहेब, घाईत... कदाचित पाऊस कमी..."

"वाळल्यावर पाहिले," धाकटीच म्हणाली. "काल दुपारी ऊन पडलं. सर स्क्रू घट्ट करायला तुमच्याकडे आले. तेव्हा गाडी कुठे लावली होती हो?"

"दुकानाच्या दारातच," मुलगी म्हणाली. "काका गाडीपर्यंत सोडायला आले होते. बाबांना हात देऊन बसवलं त्यांनी."

"आणि पोलिसांना जबाब कधी दिलात?" धाकटीने विचारलं.

उत्तर इन्स्पेक्टरनेच दिलं. "काल संध्याकाळी. सकाळी म्हणाले, धक्का बसलाय, नंतर सांगतो." त्याने चष्मेवाल्याकडे नीट पाहिलं. "तुमची गाडी कुठे असते, काका?"

चष्मेवाल्याची गाडी राखाडी होती आणि दुकानामागच्या अंगणात उभी होती. सगळे तिकडे गेले. पावसात चालवून आणलेली, अंगभर चिखलाचे शिंतोडे वाळलेले. धाकटी एकदाच तिच्याभोवती फिरली आणि डाव्या दाराखालच्या काळ्या पट्टीपाशी थांबली. सगळीकडे चिखल, आणि मधेच हातभर जागा चाटूनपुसून लख्ख.

"ही स्पिरिटने पुसलीये," ती म्हणाली. "काचा पुसायच्या स्पिरिटने. प्लॅस्टिक दिसायला स्वच्छ होतं, पण छिद्रांत गेलेलं सहज निघत नाही. आमचा तर धंदाच त्यावर चालतो."

इन्स्पेक्टर डोळे बारीक करून बघू लागला. "मला काही दिसत नाही."

तेव्हा चष्मेवाल्याने शर्टाच्या खिशातून आपलं भिंग काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "यातून दिसेल," तो म्हणाला. "लाल आहे. पोस्टाच्या पेटीचा रंग. मी खूप घासलं."

७

मग तो तिथेच पायरीवर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. वर्ष उलटलं होतं. चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर दुकानात कोण येणार, या भीतीने त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पोस्टमन डाव्या हाताला होता. दिसलाच नाही. नुसता आवाज आला. गाडी मागच्या अंगणात लावून तो धावत पुढे आला, फोन केला, छत्री धरली.

"तेव्हाच सांगणार होतो," तो म्हणाला. "तोंडच उघडेना. दुपारी मास्तर आले. गाडीवर ते फराटे. वाटलं, यांना तसंही काही आठवत नाही..."

मास्तरांची मुलगी त्याच्या अंगावर धावून जाणार असं धाकटीला वाटलं. पण मास्तरच पुढे झाले. ते त्याच्यासमोर उभे राहिले.

"तू छत्री धरलीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "बाकीचं मी माफ करू शकत नाही. ते पोस्टमनचं काम आहे."

तेवढ्यात इन्स्पेक्टरचा फोन पुन्हा वाजला. तो ऐकत राहिला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल पडला.

"पोस्टमन शुद्धीवर आलाय. आल्या आल्या विचारतो, पत्रं भिजली का म्हणून."

मुलगी हुंदके देऊन रडली. आणि रडता रडताच हसली. चष्मेवाल्यानेही दोन्ही हातांत तोंड लपवलं. माणूस जगला होता, आणि आता त्याला काहीच लपवायचं उरलं नव्हतं. इन्स्पेक्टरने त्याला धरून उठवलं, आणि पायरी चुकू नये म्हणून डाव्या बाजूने आधार दिला.

शेडमध्ये परतल्यावर इन्स्पेक्टरची परवानगी घेऊन धाकटीने उरलेलं काम हाती घेतलं. कमानीवर ऊब दिली, ब्रश फिरवला, फडक्याने टिपलं. थोरली बाजूला उभी राहून "इथे राहिलं बघ, तिथे राहिलं बघ" करत होती, आणि आज धाकटीला त्याचा अजिबात वैताग येत नव्हता. मग तिने गाडीवर पाणी मारलं, वाळवलं, पुन्हा पाहिलं. काळं ते काळंच राहिलं.

मास्तरांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "अशी तर नवीसुद्धा नव्हती," ते म्हणाले. मग किल्ली खिशातून काढून त्यांनी मुलीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

"बाबा, अहो तुम्ही काही केलं नाहीत! सिद्ध झालं ना आता?"

"मी धडक दिली नाही हे सिद्ध झालं," मास्तर म्हणाले. "पण दिली असती तर मला आठवलं नसतं, हेही दोन दिवसांत सिद्ध झालं. यापुढे तू चालव. मी बसतो बाजूला. पहिल्यांदा दवाखान्यात चल, मला त्याला बघायचंय."

ते आवाजात कुठलंही ओझं न आणता बोलले. उलट, पाठीवरचं गाठोडं उतरवलेल्या माणसासारखे ते सीटवर ऐसपैस टेकले. मुलीने डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि शेडच्या दाराशी आणून उजवीकडे वळवायला घेतली.

"डावीकडे घे," मास्तर म्हणाले.

"बाबा, दवाखाना उजवीकडे आहे."

"दवाखाना उजवीकडेच आहे. पण पुलाजवळ रस्ता खणलाय. परवापासून."

मुलीने दारात उभ्या असलेल्या जावांकडे पाहिलं. थोरलीने मान डोलावली. "खरंय गं. खणलाय."

मुलगी खळखळून हसली, आणि तिने गाडी डावीकडे वळवली.